पहिलं नाव त्यांचं

'अभिनंदन' हा शब्द वाचला आणि गीतांजलीनं न उघडलेला डबा बाजूला सारला.

चौथा तास नुकताच संपला होता. नांदेडच्या त्या शाळेच्या शिक्षक-खोलीत डबे उघडत होते, कुणाच्या तरी डब्यातल्या ठेच्याचा वास सुटला होता, आणि तिचा फोन टेबलावर थरथरला. चैत्रात बाबा गेले, तेव्हापासून फोन असा थरथरला की तिचा हात आधी छातीकडे जायचा, मग फोनकडे. त्या दिवशीही चौथाच तास होता. "गीता, हाय तशी निघ," एवढंच सुदामकाका म्हणाले होते आणि ती वर्गातून आहे तशी निघाली होती. हिमायतनगरला एस्टीतून उतरताना तिला कळलं होतं, की खडू मुठीतच राहिलाय आणि त्याचं पीठ झालंय.

आज फोन नव्हता, मेसेज होता. तिच्या धाकट्या बहिणीचा, ऋतुजाचा अकरावीचा प्रवेश ठरला होता. पसंतीक्रमांक एक. विज्ञान शाखा. आणि खाली कॉलेजचं गाव : पिंपरखेडा.

लातूर नव्हतं.

"लागला का नंबर?" राजकन्या मॅडमनी हातातला घास तसाच धरून विचारलं. त्यांचाही मुलगा यंदाच दहावी झाला होता. त्यांनी मान लांबवून फोनमध्ये पाहिलं. "अगं, पहिलंच मिळालं की! पेढे कुठायत?"

"मॅडम, हे नको होतं आम्हाला."

"नको होतं तर पहिलं काहून टाकलं?"

गीतांजलीनं नुसता फोन आपल्याकडं ओढला. मॅडमचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी घास डब्यात परत ठेवला.

"पहिल्या नंबरचं मिळालं की घ्यावंच लागतं गं. नाही घेतलं तर मधल्या साऱ्या फेऱ्यांतून पोरगी बाद. मग एकदम शेवटच्या खुल्या फेरीत. तोवर चांगल्या कॉलेजात जागा उरायच्या नाहीत." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "नियमात लिहिलंय ते. तू वाचलं नव्हतंस? तू?"

त्या दुसऱ्या 'तू'चा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना माहीत होता. गीतांजली भजी बांधून आलेला कागदसुद्धा सपाट करून वाचणारी बाई. शाळेच्या ग्रंथालयातली कपाटं तिनं वर्षभरात खालपासून वरपर्यंत संपवलेली. पण चैत्रापासून अक्षरं तिच्या डोळ्यांपर्यंत येत आणि तिथंच थांबत. प्रवेशाची माहितीपुस्तिका तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटली होती. वाचली नव्हती.

फॉर्म भरला तो दिवस तिला लख्ख आठवला. पिंपरखेड्याच्या घराच्या ओसरीत तिघी होत्या, कारण फोनला रेंज तिथंच येते. ऋतुजाच्या हातात फोन, शेजारी गीतांजली, मागे चौकटीला टेकून नागाबाई, त्यांची माय. यंदा पहिल्यांदाच या भागातले अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले होते. आजवर पोरं ज्या कॉलेजात जायचं तिथं जात, रांगेत उभी राहत, फॉर्म भरत. आता घरबसल्या दहा नावं टाकायची होती. ऋतुजाला दहावीला सत्त्याण्णव टक्के होते. गीतांजलीला वाटलं, नावं टाकायची, मग यंत्र मार्क बघेल आणि जिथं शोभते तिथं पोरीला पाठवेल. शहाण्या माणसानं केलं असतं तसं.

"पहिलं नाव त्यांच्या कॉलेजाचं टाक," नागाबाई मागून म्हणाल्या होत्या.

नागाबाईंच्या माहेरी, तेलंगणाच्या हद्दीलगतच्या त्या गावात, एक रीत होती. घरातलं माणूस गेलं की वर्षभर घरात जे नवं येईल ते पहिलं त्याला दाखवायचं. नवा गूळ, नवी चादर, गाईचा खरवस. फोटोपुढं घटकाभर ठेवायचं आणि मग घ्यायचं. ऋतुजाचा निकालही तसाच दाखवून झाला होता. रोज सकाळचा पहिला चहा तर त्यांचाच होता, आणि तोही काचेच्या बीकरमध्ये. भुजंगराव, म्हणजे या दोघींचे बाबा, गावातल्याच त्या कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई होते. काठाचा टवका उडालेलं एक बीकर कॉलेजनं टाकून दिलं, ते त्यांनी घरी आणलं. त्यातच ते चहा पीत, त्यातच पाणी. शेवटच्या दिवशी ते लॅब बंद करून घरी आले, चावी खिळ्याला अडकवली आणि पाणी मागितलं. नागाबाई बीकर भरून बाहेर आल्या तेव्हा पाणी घ्यायला कोणी नव्हतं. चावी अजून त्याच खिळ्याला होती, लाल लोकरीच्या गोंड्यासकट. फोटो नंतर तिच्या शेजारी लागला.

"माय, तिथं सायन्सला कुत्रं फिरकत न्हाई," ऋतुजा म्हणाली होती.

"तुला जा कोण म्हणलंय? नुसतं दाखवायचं त्यांना. नैवेद्य दाखवला म्हणून देव ताट उचलून घेऊन जातो का?"

त्यावर ऋतुजा हसली होती. चैत्रानंतर पहिल्यांदा. त्या हसण्यापायीच असेल, गीतांजली काही बोलली नाही. पहिलं नाव पिंपरखेडा. दुसरं लातूरचं ते मोठं कॉलेज, ज्याच्यासाठी ऋतुजा तीन वर्षं अभ्यास करत होती.

आणि ताट उचललं गेलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी ऋतुजा पहाटेच्या गाडीनं नांदेडला आली आणि दोघी बहिणी लातूरला निघाल्या. जाऊन काय होणार होतं हे गीतांजलीला सांगता आलं नसतं. पण लातूरला कोणीतरी असेल, टेबलामागं बसलेलं, चष्मा लावलेलं, ज्याला सगळं सांगितलं की तो म्हणेल, 'असं होय, थांबा, करून देतो.' लहानपणापासून कचेऱ्यांमधून कामं अशीच होताना तिनं पाहिली होती. त्या भरवशावर तिनं रजा काढली.

लोहा गेलं, अहमदपूर गेलं. ऋतुजा खिडकीशी बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"ताई, मला लातूरची भीती वाटायली."

"मग पिंपरखेडाच घ्यायचं का?"

ऋतुजानं ओढणी सोडली. "त्याची जास्त वाटायली."

 गीतांजलीला स्वतःची भीती कोणती ते धड कळत नव्हतं. कालचा तो मेसेज वाचून डबा बाजूला सारला हे खरं, पण त्याच्याच पाठोपाठ क्षणभर तिला बरंही वाटलं होतं. पोरगी गावात राहील, मायजवळ राहील, लातूरहून कधी फोन यायचा नाही. त्या बरं वाटण्याला ती सगळ्यात जास्त घाबरली होती. माणसं अशीच पोरींचं आयुष्य आखडून टाकतात, आणि त्याला माया म्हणतात, हे तिनं कितीतरी पुस्तकांत वाचलं होतं. आपल्या आत ते सापडेल असं वाटलं नव्हतं.

लातूरच्या स्टँडपासून पुढं चौकाचौकांत मोठाले फलक होते. फलकांवर पासपोर्टच्या फोटोतली पोरं, प्रत्येकाच्या खाली मार्क. ऋतुजा चालता चालता ते मार्क तोंडातल्या तोंडात वाचत होती. पाठीला दप्तर, हातात डबा अशा मुलींचे घोळके क्लासकडं निघाले होते. बोलत नव्हत्या, नुसत्या भराभर चालत होत्या. गीतांजलीनं बहिणीचा हात धरला. 

मोठ्या कॉलेजाच्या फाटकाशी ऋतुजा थांबली. याच फाटकाशी ती संक्रांतीच्या सुट्टीत बाबांबरोबर येऊन गेली होती. पहारेकरी आत सोडेना तेव्हा भुजंगराव बाजूच्या गल्लीत गेले, टाचा उंच करून एका खिडकीतून आत बघू लागले. ती लॅबची खिडकी होती. आत बेसिनपाशी परीक्षानळ्यांचा ढीग पडला होता, काही निळ्या, काही तळाशी काळ्या पडलेल्या. "ऋतू, बघ, बघ," ते म्हणाले होते, एखादी जत्रा दाखवावी तसे, "केवढ्या घाण हायेत! मी तिकडं धुतलेल्याच नळ्या परत धुतो. घाण करायला पोरंच न्हाईत. तुला हितंच टाकू." ही गोष्ट ऋतुजानं घरी येऊन चारदा सांगितली होती, बाबांसारख्या टाचा उंच करून.

आज पहारेकऱ्यानं अडवलं नाही. आत, मार्गदर्शन केंद्र लिहिलेल्या खोलीत, चष्मा लावलेला माणूस खरंच होता. आदिनाथ सर म्हणत होते सगळे त्यांना. घसा बसलेला, समोर थंड झालेला चहा. त्यांनी गीतांजलीचं सगळं ऐकून घेतलं, रीतीचं सुद्धा. हसले नाहीत.

"बाई, कॉम्प्युटर मार्क बघतो. पण तुम्ही मागितलेलं पहिलं बघतो. तुम्ही पहिलं जे मागितलं ते त्यानं दिलं. त्याचं काय चुकलं, सांगा?"

"सर, तिथं प्रवेश घेऊन मग रद्द केला तर?"

"तरी तेच. मधल्या फेऱ्या बंद."

"अर्ज देऊन? कोणाला भेटून? मुलगी लहान आहे, घरात नुकतंच..."

"कोणाला भेटणार?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "पूर्वी मी असतो की इथं. मला भेटला असता, मी सायबाकडं गेलो असतो. आता मी बी तुमच्यासारखा स्क्रीनच बघायलोय."

त्यांनी भिंतीवर लावलेली पहिली यादी दाखवली. ऋतुजा यादीपाशी गेली. तिचं बोट खाली खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. तिच्याहून कमी मार्कांची मुलं आत होती.  कागदावरचं बोट ती उचलायला विसरली.

"शेवटच्या फेरीत तुमच्याकडं उरतील का जागा?" गीतांजलीनं विचारलं.

"आमच्याकडं उरत न्हाईत. खोटं कशाला सांगू. शहरात दुसरी कॉलेजं हायेत, तिथं उरल्या तर उरल्या. पण फेरी कधी होईल, कशी होईल, मला इचारू नका. पहिलंच साल हाय." मग ऋतुजाकडं बघून म्हणाले, "सोमवारी संध्याकाळी सहाला पहिल्या फेरीचं बंद होतंय. तवर ठरवा. घरचं मिळालंय, ते बी सायन्सच हाय की, बाळ."

टेबलामागच्या माणसानं जे करायचं असतं ते त्यानं केलं होतं. थंड चहा त्यानं एका घोटात संपवला आणि पुढच्याला आत बोलावलं.

*

पिंपरखेड्याला दोघी शनिवारी पोचल्या. गीतांजलीनं वाटेतच ठरवलं होतं, की मायला खरं कारण सांगायचं नाही. तिच्या रीतीनं पोरीचं लातूर गेलं हे तिला कळता कामा नये.

"कॉम्प्युटरनं गावचंच दिलं, माय," ती म्हणाली. "कसं काय कोण जाणे."

नागाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"कॉम्प्युटरनं न्हाई दिलं. त्यांनी घेतलं."

"माय..."

"आपुनच ताट पुढं केलं. मीच केलं. त्यांनी हात लावला तिला."

 गीतांजलीचा यावर विश्वास नव्हता. पण विश्वास नसल्याचा त्या घरात, त्या फोटोपुढं, काही उपयोग नव्हता. नागाबाईंच्या मनात दोन भीती होत्या आणि त्या दोन्ही एकमेकींशी भांडत होत्या. भुजंगरावांनी पोरीला मागून घेतलं असेल तर नाही कसं म्हणायचं? आणि गेलेलं माणूस ज्याला मागून घेतं त्याचं पुढं काय होतं? दुपारी त्यांनी ऋतुजाच्या मनगटाला काळा दोरा बांधला. तिला फोटोसमोरून जाऊ देईनात. स्वयंपाकघरात जायचं तर मागच्या दारानं वळसा घालून जा म्हणत. रविवारी सकाळी चहा झाला तेव्हा बीकर हातात धरून त्या किती वेळ उभ्या राहिल्या. ठेवायचीही भीती, न ठेवायचीही. शेवटी ठेवलं, पण ठेवताना डोळे मिटून घेतले.

ऋतुजा निमूट वळसा घालून जात होती. रविवारी दिवसभर ती जेवली नाही. विचारलं की म्हणे, "भूक न्हाई." रात्री तिच्या अंथरुणाशी नुसता श्वास ऐकू येत होता, झोपलेल्या माणसाचा नव्हे.

सुदामकाका येऊन जाऊन होते. भुजंगरावांचे धाकटे भाऊ, हिमायतनगरला खताच्या दुकानात कामाला. बोलायला तिखट, पण भावाच्या माघारी घरातलं दळणसुद्धा तेच आणून टाकत.

"घरबसल्या मिळालं तर तुम्ही पाय मोडून घ्यायलेत," ते म्हणाले. "लातूरला पोरी रडून रडून अर्ध्या होतात. किनवटच्या आमच्या मालकाची पोरगी, दिवाळीला परत आली, आजवर बोलत न्हाई कोणाशी. अन् शेवटची फेरी होईल का न्हाई कोणाला ठावं? सरकारला तरी ठावं का? हातातलं सोडून बसाल. गीता, तू शिकलेली हायेस, तू सांग."

गीतांजलीनं तोंड उघडलं. लातूर म्हणावं तर उद्या तिथं काही झालं तर ते तिच्या एका शब्दानं होणार होतं. पिंपरखेडा म्हणावं तर ते आत्ताच, डोळ्यांदेखत होत होतं. बाबा असते तर हा प्रश्न तिच्यापर्यंत आलाच नसता. ती म्हणाली, "सोमवारपर्यंत बघू, काका," आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

*

सोमवारी चारच्या सुमाराला काकांची मोटारसायकल दारात थांबली. ते आत आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "चला. कागदं घ्या सारी. सहाला बंद होतंय म्हणं. सायेब वाट बघून राहिलेत, भुजंगदादाची पोरगी म्हणून हार बी आणलाय त्यांनी."

ऋतुजा तयार होती. शाळेचाच पांढरा कुर्ता, तेल लावून घातलेली वेणी, कागदांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरलेली.  ती दाराकडं निघाली आणि मधेच थांबली. नेमकी फोटोसमोर.

"तिथं उभी राहू नको," नागाबाई घाईनं म्हणाल्या. "बाजूला हो, बाई, बाजूला हो."

ऋतुजा हलली नाही. ती फोटोकडं बघतच नव्हती. शेजारच्या खिळ्याकडं बघत होती.

"काका, कॉलेजात लॅबची दुसरी चावी हाय का?"

"लॅबची?" काकांना प्रश्नाचा रोख कळेना. "न्हाई. एकच. दादा कोणाच्या हातात द्यायचाच न्हाई. सायबानं मागितली तरी सोबत जायचा. काहून?"

"मग लॅब कशी उघडायलेत?"

काकांनी गुडघ्यावरची टोपी फिरवली.

"कॉलेज सुरू होऊन किती दिवस झाले," ऋतुजा म्हणाली.  "बारावीची पोरं हायेत. बाबा गेल्यापासून चावी मागायला कोणी आलं का, माय?"

नागाबाईंनी मान हलवली. कोणी आलं नव्हतं. दहाव्याला कॉलेजचे सगळे आले होते, साहेब आले होते, गहिवरून बोलून गेले होते. चावीचं कोणालाच आठवलं नव्हतं. कारण ती कोणाला लागलीच नव्हती. बाबांनी त्या दिवशी जे कुलूप लावलं, ते तसंच होतं. आत धुऊन पालथ्या घातलेल्या नळ्यांवर धूळ बसत असेल.

बाहेर मोटारसायकलचं तापलेलं इंजिन टिकटिकत होतं.

"बाबा तिथं न्हाईत, माय," ऋतुजा म्हणाली. "तिथं कुलूप हाय."

गीतांजलीनं मायकडं पाहिलं. तिला वाटलं, आता माय कोसळेल, किंवा पोरीच्या अंगावर ओरडेल. नागाबाई उठल्या. फोटोसमोरून, वळसा न घालता, सरळ चालत गेल्या. खिळ्यावरची चावी त्यांनी काढली. गोंडा गुंतला होता तो सोडवला. पदरानं चावी पुसली, जशी भुजंगराव पुसत असत तशी, दोन्ही बाजूंनी. आणि दिरासमोर धरली.

"सायबाला देऊन या."

"वैनी, पोरीचं..."

"म्हणावं, नळ्या धुवायला माणूस बघा. पोरगी यायची न्हाई."

"शेवटची फेरी झाली न्हाई तर?" काकांचा आवाज चढला. पण त्यात राग नव्हता, ते घाबरले होते. भाऊ गेल्यापासून तेही घाबरलेलेच होते, हे गीतांजलीला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "उद्या मला बोल लावू नका कोणी. मी सांगून राहिलो."

"न्हाई लावणार," गीतांजली म्हणाली. तीन दिवसांत तिच्या तोंडून निघालेला पहिला धड शब्द तोच. "मी भरला होता फॉर्म, काका. बोल लागला तर मला लागेल."

काकांनी चावी घेऊन मुठीत धरली. मग टोपी घातली आणि गेले.

सहा वाजेपर्यंत तिघी ओसरीत बसल्या.  गीतांजलीच्या मांडीवर फोन होता. अजूनही प्रवेश घेण्याचं बटण दाबता येत होतं. अजूनही काकांना परत बोलावता येत होतं. तिनं दोनदा फोन उचलला आणि दोनदा खाली ठेवला. मग स्क्रीनवरचं ते बटण फिकं झालं. त्या जागी एक ओळ आली, की हा विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांसाठी अपात्र आहे. गीतांजलीनं ती ओळ वाचली. कितीतरी दिवसांनी एखादी ओळ तिच्यात पार आतपर्यंत गेली.

"चहा टाक गं माय," ऋतुजा म्हणाली. "भूक लागायली."

*

दुसरी फेरी गेली, तिसरी गेली. वेळापत्रक बदललं, परत बदललं. गावात लोक विचारत, "पोरगी कुठं टाकली?" आणि नागाबाई सांगत, "टाकायचीय." ऋतुजाच्या वर्गातल्या मुलींची कॉलेजं सुरू झाली, त्यांच्या गणवेशातले फोटो फोनवर यायचे, आणि ती ते बघून फोन पालथा ठेवायची. एकदा तिनं विचारलं, "ताई, फेरी झालीच न्हाई तर मी घरी बसायचं का?" गीतांजली म्हणाली, "होईल." रात्र रात्र तिला तो एकच शब्द आठवून घाम फुटायचा.

खुली फेरी झाली. या वेळी नियम तिनं तीनदा वाचले, मोठ्यानं, तिघींपुढं. नावं ऋतुजानं एकटीनं टाकली. नागाबाई चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पहिलं कोणतं हे विचारलं नाही. लातूरचं ते मोठं कॉलेज यादीतच नव्हतं, तिथली एकही जागा उरली नव्हती. मिळालं ते लातूरचंच दुसरं, गावाबाहेरच्या अंगाला असलेलं, फलकांवर ज्याचं नाव कधी दिसत नाही असं. गीतांजलीनं तिला वसतिगृहात सोडलं, पलंगाखाली ट्रंक सरकवली. निघताना ऋतुजानं तिचा हात इतका घट्ट धरला, की बसमध्ये बसल्यावरही बोटांवर वळ होते. मनगटावरचा काळा दोरा तेवढा तिनं काढू दिला नाही.

आणि मग आठवड्याभरानं, चौथ्या तासाला, गीतांजली फळ्यावर लिहीत असताना फोन थरथरला.

ऋतुजा. या वेळेला ती वर्गात असायला हवी होती.

पोरांना वाचायला सांगून गीतांजली बाहेर आली तेव्हा तिला व्हरांडा दिसत नव्हता. भिंतीला हात लावून ती उभी राहिली.

"काय झालं? बरी आहेस ना? कुठं आहेस तू?"

"लॅबमधी हाय." ऋतुजा कुजबुजत होती. मागून काच काचेवर आपटल्याचे आवाज येत होते, कोणीतरी हसत होतं. "अगं, प्रॅक्टिकलची वही दिलीय. वर पूर्ण नाव टाकायचंय. बाबांच्या नावाअगोदर 'कैलासवासी' लिहायचं असतं का? शेजारची म्हणायली, लिहावं लागतं. सर फिरायलेत, लवकर सांग."

गीतांजलीनं डोळे मिटले. व्हरांड्याच्या टोकाला शिपाई घंटेपाशी बसला होता. उन्हात दोन चिमण्या भांडत होत्या.

"नको," ती म्हणाली. "नुसतं नाव लिही."

"बरं." फोन ठेवायच्या आधी ऋतुजा क्षणभर थांबली. "ताई, मायला सांगशील का? इथं नळ्या लई घाण हायेत. ढीगच्या ढीग."

फोन बंद झाला. गीतांजली वर्गात परत गेली. अर्धवट राहिलेली ओळ पुरी करायला तिनं हात वर नेला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की खडू मुठीतच होता. घामानं ओला झाला होता, पण अख्खा होता.